आपली पायरी कोणती?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घरोघरीं आहे. म्हण खोटी नाहीं. परंतु पोटासाठीं मुंबईस गेलेल्या भावास घरमालक खोलींतून काढूं लागला, अगर मुलास पोलिसांनीं धरून नेलें, म्हणजे पायरी चढणें न चढणें आपल्या हातीं राहत नाहीं. त्या वेळीं प्रश्न एकच उरतो: आपली पायरी कोणती? हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास तें विकत देणारा दलाल कोर्टाच्या दारांत उभाच असतो. यास्तव मुंबईच्या कोर्टांची मांडणी आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

तालुक्याच्या गांवीं बहुधा एकच न्यायाधीश दिवाणी दावेही ऐकतो व फौजदारी खटलेही चालवितो. मुंबईंत खालपासूनच दोन निराळ्या शिड्या आहेत. घर, देणेंघेणें, करार यांचा तंटा असेल तर दिवाणी. चोरी, मारामारी, खून असेल तर फौजदारी.

दिवाणी शिडीची खालची पायरी स्मॉल कॉज कोर्ट. त्याचा कायदा १८८२ चा. तें धोबीतलावाजवळ आहे व वांद्र्यास त्याची शाखा आहे. घरमालक व भाडेकरू यांचे तंटे येथें चालतात. खोली लाखाची असो कीं कोटीची, दार हेंच. चाळींत राहणारांनीं एवढें तरी गांठीं बांधावें. त्यावरची पायरी सिटी सिव्हिल कोर्ट. तें १९४८ सालीं निघालें. तत्पूर्वीं ही मधली पायरीच नव्हती. फोर्टांत व दिंडोशीस तें भरतें. २०२४ पासून साधारणतः १० कोटी रुपयांपर्यंतचे दावे तेथें चालतात. पूर्वीं ही मर्यादा १ कोटी होती. त्याहून मोठा दावा थेट हायकोर्टांत जातो. १८६२ सालीं स्थापन झालेलें हायकोर्ट केवळ अपिलें ऐकत नाहीं. मुंबईपुरते मोठे दावे तें मुळापासून चालवितें. नवराबायकोचे तंटे मात्र वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाकडे.

फौजदारी शिडीची पहिली पायरी मॅजिस्ट्रेट. हीं कोर्टें शहरभर पसरलीं आहेत: किल्ला, गिरगांव, माझगांव, दादर, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरीवली, मुलुंड. प्रत्येक पोलीस ठाण्यास कोर्ट नेमून दिलेलें असतें. म्हणून आधीं ठाणें विचारावें, मग कोर्ट. यांस पूर्वीं मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट म्हणत. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या संहितेंत तो निराळा वर्ग ठेवलेला नाहीं. प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट ३ वर्षांपर्यंत कैद देऊं शकतो, मुख्य मॅजिस्ट्रेट ७ वर्षांपर्यंत. खून, दरोडा असे भारी गुन्हे सेशन्स कोर्टापुढें चालतात. सेशन्सनें फांशी सांगितली तरी हायकोर्टानें कायम केल्यावांचून ती देतां येत नाहीं.

आतां दोन हक्क. धरलेल्या माणसास, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांचे आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलेंच पाहिजे. आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमाती, अपंग, कारखान्यांतील कामगार व कोठडींतील माणूस यांस फुकट वकील मिळतो. त्यासाठीं कोर्टांतील विधि सेवा कचेरींत अर्ज करावा. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे; तो मागावयास लाजूं नये आणि मिळवून देण्याबद्दल कोणास पैसाही देऊं नये.

सरकारास आमचें मागणें थोडकें आहे. प्रत्येक कोर्टाच्या दारावर, येथें कोणतें काम चालतें व फुकट वकील कोठें मिळतो, हें ठळक मराठींत लिहावें. हायकोर्टाचें काम इंग्रजींत चालतें. निदान दारावरची पाटी तरी रयतेस वाचतां यावी. आणि आमच्या शिक्षकबंधूंस विनंती कीं, मुलांकडून राजांच्या सनावळ्या घोकून घेतां, तशाच या दोन शिड्या एकदां फळ्यावर काढून दाखवा. मुंबईस निघालेल्या पोराच्या फडक्यांत आई भाकरी बांधते. भाकरी दोन दिवस पुरते. ही माहिती जन्मभर पुरेल.