घाईचे संदेश आणि तंजावरचे मोडी कागद

तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय ताडपत्रांवरील ग्रंथांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मोडी कागदांच्या गठ्ठ्यांकडे सामान्य प्रवाशाचे लक्ष सहसा जात नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचा अंमल होता. खर्च, हुकूम, नेमणुका असा त्यांच्या दरबाराचा नित्याचा मजकूर या कागदांत आहे. ते कोणी इतिहास म्हणून लिहिले नाहीत. इतिहास सांगावयाचा तेव्हा दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात देवनागरीत कोरविला. परंतु शिलालेखात राजाला जे सांगावेसे वाटले तेवढेच येते. कारभार प्रत्यक्ष कसा चालला, हे कारकुनाचा कागदच सांगतो. म्हणूनच तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या कागदांची तमिळ भाषांतरे छापली.

लेखनातील घाई वाईट, असे मी म्हणणार नाही. मोडी ही घाईचीच लिपी. लेखणी फारशी न उचलता लिहिता येते, म्हणून ती कचेरीस मानवली. त्या दृष्टीने व्हॉट्सॲप तिच्याच कुळातले. २०१६ पासून तेथील संदेश पाठविणाऱ्याच्या फोनमध्येच गूढलेखनाने बंद होतो व घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. (‘गूढलेखन’ या शब्दाहून बरा प्रतिशब्द मला अद्याप सापडलेला नाही.) न पोचलेला संदेश कंपनीच्या यंत्रावर फार तर ३० दिवस राहतो, पोचताच तेथून पुसला जातो. ठरावीक मुदतीने आपोआप नाहीसे होणारे संदेशही २०२० पासून आले. खासगी बोलण्यास ही व्यवस्था उत्तमच आहे. बहिणीने भावास काय कळविले, ते दप्तरी कशास हवे?

पण शाळेची सूचना, कालव्यास पाणी सोडण्याचा निरोप, एखाद्याच्या बदलीचा निर्णय हेही आता याच वाटेने जाऊ लागले आहेत. त्यांच्या प्रती राहतात त्या व्यक्तींच्या फोनमध्ये. कचेरीपाशी एकही नाही. अधिकारी बदलला, फोन हरवला, की निर्णयही गेला. उद्या कोणी दाद मागितली तर पुरावा कोणता दाखविणार? तेव्हा संदेश हवा तसा जावो. मात्र कचेरीचा निर्णय दुसऱ्या दिवशी तारीख व नावानिशी फायलीत उतरलाच पाहिजे.

याने काम दुप्पट होते, ही तक्रार मी ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. दहा ओळी उतरविण्यास जी पाच मिनिटे लागतील, ती कारकुनाच्या कचेरीच्या वेळातच धरावीत.