हिरडीतले रक्त ही सूचनाच

बैल घेताना आपण त्याचे तोंड उघडून दात पाहतो. स्वतःचे तोंड मात्र दाढ ठणकल्याशिवाय पाहत नाही. मग संत अपोलोनियेचा धावा सुरू होतो! पण हिरड्यांचा रोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हीच त्याची लबाडी.

हिरडी लाल होणे, सुजणे, दात घासताना रक्त येणे, तोंडाला सतत घाण येणे, या पहिल्या खुणा. या वेळी दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासले व दातांवरचे कीटण डॉक्टरांकडून काढून घेतले, तर हिरडी पूर्ववत होते. पुढे आतले हाड झिजले की ते आपोआप भरून येत नाही. दात हलू लागतात.

मिसरीने दात बळकट होतात, हा समज आम्हांला घातक वाटतो. मिसरीने हिरडी दातापासून सुटते. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, म्हणून तो फसतो. निपाणी भागात तंबाखू पिकते खरी. पण पिकवणाऱ्याने ती तोंडात धरलीच पाहिजे असे नाही. मधुमेही बांधवांनी व गरोदर भगिनींनी विशेष जपावे.

ज्या मुखाने आपण ख्रिस्तशरीर स्वीकारतो, त्याची निगा राखणे हेही आम्ही धर्मकर्तव्यच मानतो.