शाळेला दिलेला पैसा पोराच्या डोक्यापर्यंत पोचला का?



जून लागला. बोटी शाकारून झाल्या, जाळी घरात आली, खलाशी गावी गेले. आणि नेमका ह्याच महिन्यात शाळा सुरू. वह्या, दप्तर, गणवेश, रिक्षाचं भाडं सगळं एकदम समोर उभं राहतं आणि घरात आवक शून्य. हे आपल्या घरांना नवीन नाही. म्हणून आज डिझेल आणि बर्फाच्या भावावर न लिहिता शाळेवर लिहितोय. थोडं लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे काही मागायचं आहे.

आम्ही राहतो त्या कतारगाममध्ये दानाला तोटा नाही. हिऱ्याच्या धंद्यात पैसा कमावलेल्या माणसांनी इथे आणि सौराष्ट्रात आपापल्या गावी शाळांना हात सैल सोडून दिलं, हे सगळ्यांना दिसतं. त्यात भर म्हणजे 1 एप्रिल 2014 पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. त्यात शिक्षण येतं आणि कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही कायदा सांगतो. म्हणजे पैसा आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. तो पैसा शाळेच्या भिंतीपर्यंत पोचतो की पोराच्या डोक्यापर्यंत?

आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. शाळेचं नाव घेत नाही, कुणाला दुखवायचं नाही. देणगीतून संगणक आले. नारळ फुटला, फोटो निघाले, संगमरवरी पाटी लागली. वर्षभराने आपल्याच एका सभासदाच्या मुलीला विचारलं, "काय गं, संगणकावर काय शिकलीस?" ती म्हणाली, "काका, त्या खोलीला कुलूप असतं." यंत्रांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. चावी एकाकडे, शिकवणारा कुणीच नाही. नवं इंजिन आणून किनाऱ्यावर ठेवलं आणि तांडेलच नसला तर बोट चालेल का?

आता जवळचंच दुसरं उदाहरण घ्या. वडोदऱ्यात 2000 च्या सुमारास सरकारने महापालिकेच्या शाळांना 4-4 संगणक दिले होते. बहुतेक ठिकाणी ते पडूनच होते. मग 'प्रथम' ही संस्था त्यात उतरली. 1990 च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून बालवाड्या चालवत उभी राहिलेली ही संस्था. त्यांनी माणसं शिकवून तयार केली आणि चौथीच्या पोरांना आठवड्यातून 2 तास गणिताचे खेळ त्याच यंत्रांवर खेळायला दिले. यंत्रं तीच होती, फक्त शेजारी माणूस बसला. गणित चांगलंच सुधारलं.

वडोदऱ्यात आणि मुंबईत त्याच संस्थेने 'बालसखी' चालवली. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी घ्यायची, थोडं प्रशिक्षण द्यायचं, आणि मागे पडलेल्या 15-20 पोरांना तिने रोज 2 तास वेगळं घेऊन बसायचं. वाचायला येत नसेल तर अक्षरापासून, बेरीज येत नसेल तर बेरजेपासून. मानधन तेव्हा महिन्याला 500 ते 750 रुपये. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ह्यांनी सहकाऱ्यांसोबत ह्या दोन्ही कामांची मोजणी केली, पोरांची आधी आणि नंतर परीक्षा घेतली. सगळ्यात मागे असलेल्या पोरांना सगळ्यात जास्त फायदा झाला. ह्याच दोघांना 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मायकेल क्रेमर ह्यांच्यासोबत.

ह्यातून आम्ही एवढंच घेतलं: वस्तूला दिलेला पैसा माणसाशिवाय वाया जातो, आणि माणसावर लावलेला थोडा पैसासुद्धा लांब पल्ला गाठतो.

मोठ्या देशांत ह्यासाठी गावाचा, शहराचा मिळून एक निधी असतो. 1914 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याने तशी सुरुवात केली. अनेकांचं दान एका ठिकाणी, आणि कुठे द्यायचं ते त्याच शहरातली माणसं ठरवणार. पण मंडळी, आपल्याला हे अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांसाठी घरोघरी बायका मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, तो मुष्टिफंड. एका मुठीने काय होतं, असं तेव्हाही कुणीतरी म्हटलंच असेल. त्या मुठींवर गरिबाघरची पोरं शिकली.

आता आपल्या सभेत हा विषय निघाला की दोन आक्षेप येतात. दोन्ही खरे आहेत, म्हणून उत्तर देतो.

पहिला: "शाळा चालवणं सरकारचं काम, आपण का द्यायचं?" बरोबर. वर्ग, शिक्षक, पाणी, संडास हे सरकारने आणि महापालिकेनेच द्यायचं. ते आपण भरायला लागलो तर त्यांना सूट मिळेल. आपला पैसा त्याच्यावरचा: मागे पडलेल्यांसाठी बालसखी, वाचायला गोष्टींची पुस्तकं, हाताने करायचे विज्ञानाचे प्रयोग. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमातूनही शाळा चालवते, ही मोठी गोष्ट आहे. पण शाळेतून घरी आलेल्या पोराला मराठीत वाचायला पाठ्यपुस्तकाशिवाय काय असतं? ते आपण देऊ शकतो.

दुसरा: "संस्थेचा पैसा जाळ्यासाठी, डिझेलसाठी." हेही बरोबर. म्हणून आम्ही संस्थेच्या तिजोरीला हात लावा म्हणत नाही. फेरीमागे 20 रुपये बाजूला काढा म्हणतो. समजा 40 बोटी, वर्षाला बोटीमागे 60 फेऱ्या. होतात 48,000 रुपये. एका बालसखीला महिन्याला 4,000 दिले तर 10 महिन्यांचे 40,000. उरलेल्या 8,000 ची पुस्तकं. एका फेरीला चहा-बिडीवर किती जातात ते ज्याचं त्याने मोजावं.

आणि पैशापेक्षा स्वस्त गोष्ट म्हणजे हजेरी. शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आपल्यातले किती जण त्या बैठकीला गेलेत? मासळीच्या लिलावात पाच रुपयांसाठी आपण अर्धा तास भांडतो, आणि पोराच्या शाळेच्या कागदावर न वाचता सही करतो. एखादी कंपनी शाळेला काही द्यायला आली तर समितीतल्या पालकांनी तीन प्रश्न विचारायचे: हे वापरायला शिकवणार कोण? दुरुस्ती कोण करणार? वर्षाने पोरांना काय येतंय ते कोण तपासणार? उत्तर नसेल तर पाटी लावायची घाई करू नका.

हे सगळं का म्हणतो? आठवी झाली की आपला एक पोरगा बोटीवर जातो, दुसरा हिऱ्याच्या घंटीवर बसतो. दोन्ही कामं इज्जतीची आहेत, आम्ही त्यातच वाढलो. पण ज्याला वाचता येतं तो आपल्या मर्जीने बोटीवर जातो. ज्याला येत नाही त्याला दुसरा रस्ताच नसतो. आज जीपीएस, हवामानाचा इशारा, परवाना, विमा, अनुदानाचा अर्ज सगळं वाचूनच करायचं आहे. न वाचता अंगठा दिला की नुकसान कुणाचं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

तर मागणी एवढीच. नारळी पौर्णिमेआधीच्या सभेत आम्ही 'फेरीमागे 20' चा ठराव मांडणार आहोत. हिशोब दर महिन्याला ह्याच पानावर टाकू, पैशापैशाचा. आणि दिवाळीआधी पोरांना किती वाचता येतंय तेही टाकू, चांगलं असो वा वाईट. विरोध असेल तर सभेत येऊन बोला, पण या. घरातल्या बायकांनाही घेऊन या, पोरांचा अभ्यास त्याच बघतात.

आणि ज्यांच्या घरात बारावी झालेली मुलगी आहे, त्यांनी तिला एकदा विचारून ठेवा.

आपला,
सचिव