सुरी लावण्याआधी दर, लावल्यानंतर पावती



लावणीचे दिवस आले की आमच्या पेडणे-डिचोलीकडच्या माणसांचे पाय दिवसभर चिखलात असतात. काटा आत मोडून राहतो, त्याचे कुरूप होते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या पडतात, नखुरडे पिकते. काजूच्या दिवसांत बियांच्या तेलाने हात भाजतात ते वेगळेच. असल्या दुखण्यासाठी कोणी इस्पितळात राहायला जात नाही. जवळच्या दवाखान्यात जावे, डॉक्टरांनी जागा बधिर करून गळू फोडावे किंवा कुरूप काढावे, आणि पट्टी बांधून घरी यावे, एवढेच. कुरबूर होते ती नंतर, पैशांवरून.

आमच्याच घरातील गोष्ट घ्या. टाचेचे कुरूप काढले. आधी आम्ही दर विचारला नाही, डॉक्टरांनी सांगितला नाही. शेवटी साडेतीन हजार मोजले आणि हाती चिठ्ठी आली, तिच्यावर एकच शब्द: ‘उपचार’. पुढे तीन वेळा पट्टी बदलली, तिचे पैसे निराळे. दोष आमचाही होता. बैल घेताना चार ठिकाणी चौकशी करणारे आम्ही, डॉक्टरांपुढे बसलो की तोंड उघडत नाही.

विचारणे हा उद्धटपणा नव्हे. डॉक्टरांच्या आचरणासंबंधी २००२ साली जे नियम झाले, त्यांतच म्हटले आहे की फी दवाखान्यात लावावी आणि उपचाराआधी सांगावी, काम सुरू झाल्यावर नव्हे. रोग्याने आपले वैद्यकीय कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत, असेही त्यांत आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तर १९९५ सालचा.

पावतीवर काय असावे? दुखणे कोणते, अंगावर कुठे, किती ठिकाणी, आणि केले काय: फोडले, कापले की जाळले. बधिर करण्याचे इंजेक्शन, टाके, पट्ट्या वेगवेगळ्या लिहाव्यात. अमेरिकेत अशा प्रत्येक कामाला क्रमांक असतो. चौदापर्यंत चामखिळी जाळल्या तर एक क्रमांक, पंधरा झाल्या की दुसरा! आम्हांला क्रमांक नकोत, पण शब्द तरी हवेत. त्यात डॉक्टरांचेही हित आहे. पाच मिनिटांच्या कामामागे निर्जंतुक हत्यारे, हातमोजे, औषधे असतात, हे रोग्याला कागदावरूनच कळते.

मात्र एका खर्चात काटकसर नको. वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ, रक्त येणारी गाठ, महिनाभर न भरणारी जखम यांतून काढलेला तुकडा तपासणीला पाठवणार का, हे विचाराच. गळवे पुन्हा पुन्हा येत असतील तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

आता विम्याची गोष्ट, आणि येथे आम्हांला थोडे कडक बोलायचे आहे. नेहमीच्या आरोग्य विम्यात २४ तास भरती राहावे लागते, किंवा उपचार एका दिवसात होणाऱ्या मान्य शस्त्रक्रियांपैकी असावा लागतो. दवाखान्यात बसल्या बसल्या काढलेली चामखीळ त्यात सहसा बसत नाही. सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली. तिचे संरक्षण तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे, पण तेही ठरलेल्या इस्पितळांत, यादीतील उपचारांना. मग कोणी सुचवतो, ‘एक रात्र भरती दाखवू.’ कधी सुचवणारा रोगीच असतो. ही आठव्या आज्ञेतील खोटी साक्ष आहे आणि सातव्या आज्ञेतील चोरीही. शिवाय खोटा कागद उघडा पडला तर कंपनी विमा रद्द करू शकते. उद्या घरात खरोखर मोठे ऑपरेशन आले की हात मोकळे. आठशे-हजारांसाठी हा सौदा कोणी करू नये.

ज्यांना खाजगी दर झेपत नाही, त्यांनी आधी पेडणे किंवा डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावे. आणि कुठेही गेलात तरी टाके कधी काढणार हे विचारून घ्या. ओल्या जखमेने शेतात उतरू नये. उंदरांच्या मुतापासून होणारा लेप्टोचा ताप अशाच फुटलेल्या कातडीतून शिरतो. तेवढ्या दिवसांच्या लावणीला शेजारच्या कोणाला बोलवायचे, ते दवाखान्यात जाण्याआधीच ठरवावे.