पंचविशीतली कंबर

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी वंदना आटोपल्यावर विहारातल्या सतरंज्या गुंडाळायच्या होत्या. एरवी या कामाला सगळ्यांत पुढे असणारा आमच्या चाळीतला एक मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. वय चोवीस. एका गोदामात पार्सले चढवतो, उतरवतो. त्याची आई आम्हांस बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, पोराचा मणका सरकलाय म्हणतात. त्याला स्थळ आलंय. आता त्यांना काय सांगू?"

मणका सरकल्याचे कोणी सांगितले, तर कमरेचा पट्टा विकणाऱ्याने! त्याआधी उसण भरली म्हणून एका पायाळू माणसाचा पाय कमरेवर लावून झाला होता, मेडिकलमधून विचारून आणलेल्या गोळ्या उपाशीपोटी खाऊन झाल्या होत्या आणि पंधरा दिवस अंथरुणावर काढून तितक्या दिवसांचा रोज बुडाला होता. कंबर होती तशीच.

कमरेचे दुखणे आम्हांसही पंचविशीतच लागले. दिवसभर टेबलावर वाकून व्हाउचरे लिहायची, संध्याकाळी संघटनेचे काम, रात्री मिळेल त्या गाडीला लोंबकळत घर. दर दोन-चार महिन्यांनी चमक भरायची. एका डॉक्टरांनी फळीवर सक्त निजून राहायला सांगितले. आम्ही निजलो आणि उठलो ते अधिकच आखडून. आज डॉक्टर उलटे सांगतात. साध्या लचकेची कंबर बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत आपोआप सुधारते. तोवर पडून न राहता झेपेल तितके चालावे, हलके काम करावे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी सूचना काढल्या. त्यांतही व्यायाम करा म्हटले आहे, पट्टे आणि वजन लावून कंबर ताणणे नेहमीचा उपचार म्हणून नको म्हटले आहे.

एमआरआयसाठी कर्ज काढणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत १९९४ साली कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. म्हणजे कागदावर गादी फुगलेली दिसली, तरी दुखणे तिचेच असेल असे नाही.

हे सगळे त्या मुलाला ऐकवून आम्ही मोकळे होणार होतो. सहज विचारले, "दुखतं कधी? काम करून आल्यावर?" तो म्हणाला, "नाही काका, पहाटे. तीन-चार वाजता जाग येते. सकाळी तासभर वाकताच येत नाही. कामाला लागलो की दुपारपर्यंत मोकळं होतं. सुट्टीच्या दिवशी जास्त दुखतं." किती दिवस? आठ महिने.

आम्ही चपापलो. आम्ही बी.कॉम., डॉक्टर नव्हे. पण आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचे दुखणे असेच होते. त्याला नीट निदान मिळायला सहा वर्षे गेली आणि तोवर त्याची मान वळेनाशी झाली होती. लचकेची कंबर विश्रांतीने हलकी होते, ही विश्रांतीने आखडते आणि हालचालीने सुटते. असे दुखणे चाळिशीच्या आत सुरू होऊन तीन महिन्यांहून जास्त टिकले, तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. त्याचे नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. वेळेवर उपचार झाला नाही, तर काहींचे मणके एकमेकांना जुळून कणा ताठ होतो. कधी डोळा लाल होऊन दुखतो, तेही त्याच आजाराचे असते. बायकांनाही हा होतो. मात्र त्यांचे दुखणे बाळंतपणाची कंबर म्हणून वर्षानुवर्षे सोडून दिले जाते.

आम्ही एक रजा टाकली आणि त्याला सरकारी रुग्णालयात संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेले. रांगेत चार तास गेले. रक्ताची तपासणी झाली, कणा आणि कमरेचे हाड जुळतात त्या सांध्यांचा एक्स-रे झाला. निदान तेच निघाले. आता जेवणानंतर घ्यायच्या गोळ्या आहेत, रोजचा व्यायाम आहे, आणि तंबाखू-विडी बंद. (हे शेवटचे त्याला सगळ्यांत जड गेले.) आजार मुळासकट जात नाही, पण आवरता येतो. गोळ्यांनी भागले नाही तर इंजेक्शने आहेत. ती महाग आहेत, म्हणून सरकारी योजनेतून मिळतील का ते आधी विचारावे.

कंबरेसोबत बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे असेल, तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

त्या मुलाला आजारपणाचा भत्ता मिळायला हवा होता. हप्ते भरलेले असतील तर ई.एस.आय.मधून रोजच्या पगाराच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत तो मिळतो. चौकशी केली तर ठेकेदाराने त्याचे नावच नोंदवलेले नव्हते. तो अर्ज आम्ही लिहून दिला आहे.

राहिला आईचा प्रश्न. आम्ही म्हणालो, "ताई, आजाराचं खरं नाव सांगा. तो संसर्गाचा नाही, मुलगा कमावतो आहे, औषध चालू आहे, हेही सांगा." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाऊ, ते लोक पुढच्या रविवारी येणार आहेत. तुम्ही असाल ना?"