विश्लेषण : मुंबईत दोन्ही सामने हरले, सॅक्रामेंटो किंग्जची पुनर्बांधणी कुठवर आली होती?

वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी भारतातले पहिले एनबीए सामने झाले. दोन्ही हंगामपूर्व सराव सामने इंडियाना पेसर्सने जिंकले. शुक्रवारी जादा वेळेत १३२-१३१ असा, तर शनिवारी थेट १३०-१०६ असा. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे या संघाबद्दल इथे अंमळ अधिक कुतूहल होते. पण २००६ नंतर सलग १३ मोसम बाद फेरी न पाहिलेला हा संघ तेव्हा खरेच सावरत होता का?

सराव सामन्यांतील पराभव किती गांभीर्याने घ्यायचा?

निकाल म्हणून फारसा नाही. या सामन्यांचे गुण तक्त्यात धरले जात नाहीत. प्रशिक्षक राखीव खेळाडूंना आजमावतात, प्रमुख खेळाडूंना लवकर बसवतात. त्यात सॅक्रामेंटो आणि मुंबईच्या घड्याळात साडेबारा तासांचे अंतर. अर्थात प्रवासाचा शीण पेसर्सलाही होताच, आणि त्यांचा सर्वोत्तम खेळाडू व्हिक्टर ओलाडिपो दुखापतीमुळे बाहेर होता.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दोन सामन्यांत किंग्जने २६२ गुण दिले. त्यातली पाच मिनिटे जादा वेळेची होती हे खरे, पण दुखणे जुनेच होते. २०१८-१९ च्या मोसमात हा संघ सामन्यामागे सरासरी ११४ गुण करत होता आणि ११५ देत होता. वेगवान आक्रमण डोळ्यांना सुखावते. गळती मात्र बचावात होती. शुक्रवारी किंग्जच्या बडी हील्डने २८ गुण केले, पण पेसर्सकडून नव्यानेच खेळणाऱ्या टी. जे. वॉरेनने ३० केले.

मग आशा कशाच्या जोरावर?

२०१७-१८ मध्ये किंग्जने ८२ पैकी २७ सामने जिंकले होते, २०१८-१९ मध्ये ३९. ही १२ सामन्यांची झेप डीॲरन फॉक्समुळे. चेंडू हाती येताच समोरच्या बास्केटकडे धावत सुटणारा हा गार्ड प्रतिस्पर्ध्यांना बचाव रचायला उसंतच देत नाही. त्याच्या जोडीला २०१८-१९ च्या मोसमात तीन गुणांचे २७८ बास्केट करणारा हील्ड, सर्बियाचा बोगदान बोगदानोविच आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला मार्विन बॅगली. (बॅगलीपाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला लुका डॉन्चिच डॅलसकडून वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, ही सल सॅक्रामेंटोच्या चाहत्यांना बरीच वर्षे टोचणार.)

सहसा पुनर्बांधणी करणारा संघ हरण्यातही फायदा शोधतो. तळाला राहिले की ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळण्याची शक्यता वाढते. किंग्जने मात्र २०१९ ची पहिल्या फेरीतली निवड २०१५ च्या एका व्यवहारात आधीच देऊन टाकली होती. त्यामुळे २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी अनुभव विकत घेतला. हॅरिसन बार्न्सशी चार वर्षांचा ८.५ कोटी डॉलरचा करार केला. ड्वेन डेडमन, ट्रेव्हर अरीझा आणि पेसर्सकडूनच आलेला कोरी जोसेफ यांना बचावाच्या डागडुजीसाठी आणले. संघाला ३९ विजय मिळवून देणारे प्रशिक्षक डेव्ह जेर्गर यांना हटवून ल्यूक वॉल्टन यांना नेमले. हा जुगारच. लेकर्सबरोबरच्या शेवटच्या मोसमात वॉल्टन यांचे विजय होते ३७.

२०१९-२० मध्ये बाद फेरी गाठणे शक्य होते?

२०१८-१९ च्या मोसमात पश्चिम विभागात आठव्या, म्हणजे बाद फेरीच्या शेवटच्या जागेवरील क्लिपर्सने ४८ सामने जिंकले होते. किंग्ज नववे होते. दरी नऊ विजयांची. दर नऊ सामन्यांमागे एक पराभव विजयात बदलायचा, असे मांडले तर काम आवाक्यातले वाटते. पण बाकीचे थांबलेले नव्हते. क्लिपर्सकडे तेव्हा क्वाय लिओनार्ड आणि पॉल जॉर्ज होते, लेकर्सकडे लेब्रॉन जेम्सच्या साथीला अँथनी डेव्हिस. म्हणजे किंग्ज आदल्या वर्षीपेक्षा चांगले खेळूनही पुन्हा नववे राहू शकत होते, आणि तीच शक्यता अधिक दिसत होती.

तोवर पैशाचा प्रश्न दारात उभा होता. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूंचा पहिला करार तुलनेने स्वस्त असतो आणि हील्डचा तो करार २०१९-२० च्या मोसमाअखेर संपणार होता. मुदतवाढीसाठी २१ ऑक्टोबर २०१९ ही शेवटची तारीख होती. बोगदानोविचचा करारही २०२० च्या उन्हाळ्यात संपणार होता, त्यानंतर फॉक्स रांगेत होताच. सगळ्यांना मनासारखे पैसे देणे वेतनमर्यादेत बसणार नव्हते. पहिला सामना २३ ऑक्टोबर २०१९ ला फिनिक्समध्ये होता. त्याच्या दोन दिवस आधीच किंग्जला ठरवावे लागणार होते, की २८ गुण करणाऱ्या हील्डची किंमत किती.