क्रमांक होता, कोपरा नव्हता

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी करण्यात आली आणि आपल्या शाळेतून पुढील शिक्षणासाठी शहरांत गेलेली मुले-मुली गावी परतली. तेव्हा आपण सर्वांनी त्यांच्या तासिकांची, परीक्षांची, मोबाईलच्या रेंजची चिंता केली. त्यांच्या मनात काय चालले आहे, हे फार थोड्यांनी विचारले. आम्हीही त्यात उणे पडलो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

शासन स्वस्थ बसले होते असे नाही. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम व निःशुल्क हेल्पलाईन सुरू केली. सप्टेंबरमध्ये ‘किरण’ आली. तीवर मराठीतूनही बोलता येत होते. मानसिक उपचार मिळण्याचा हक्क तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच दिलेला होता. परंतु दोन खोल्यांच्या घरात, सहा माणसांच्या देखत, धाकट्या भावाचा ऑनलाईन तास संपल्यावर हाती येणाऱ्या एकुलत्या एक फोनवरून ‘मला झोप लागत नाही, जगावेसे वाटत नाही’ हे कोणी कसे बोलावे? वसतिगृहात शेजारच्या खाटेवरचा मित्र न सांगताही ओळखत असे. तो आधारही तुटला होता. आणि ‘वेड लागलंय का?’ या प्रश्नाची धास्ती कोणत्याही हेल्पलाईनच्या आधी घरोघर पोचलेली होती.

म्हणून आमचे मत असे की, सेवा उपलब्ध असणे आणि ती विद्यार्थ्याच्या हाती लागणे, यांतील अंतर आपणच बुजवले पाहिजे. महाविद्यालयांनी पूर्णवेळ समुपदेशक नेमावा आणि सुट्टीतही विद्यार्थ्याशी संपर्क तुटू देऊ नये. पालकांनी मुलाला एकट्याने बोलण्यासाठी तासभर फोन व जागा द्यावी. काय बोललास, असे विचारू नये. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मागच्या तुकडीतील निदान दोघांना महिन्यातून एकदा फोन करावा. आपण एका पंगतीत जेवलो आहोत. एवढा अधिकार आपल्याला नक्कीच आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा. मात्र तो फिरवण्याचे बळ मुलाला मिळावे, यासाठी ‘कसा आहेस?’ हा प्रश्न आपण आधी विचारावा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे.